बरणीवर हात ठेवून झोपलात म्हणून

अहो,

उठवलं नाही. खुर्चीतच डोळा लागलाय तुमचा, एक हात बरणीवर. उन्हाची तिरीप बरणीतून भिंतीवर पडलीय, मधाच्या रंगाची, आणि आत बुडबुडा वर आला की ती हलते. बघत बसले आणि चहा उतू गेला. शेगडी पुसायची राहिलीय.

मी डॉक्टरांकडे जातेय. लेकीने पाठवलेल्या त्या चिनी औषधी मुळ्यांच्या पुड्याचं वेष्टन सोबत नेलंय. बरणीतलं त्या मुळ्यांचं आंबवलेलं पाणी प्रेशरच्या गोळीबरोबर चालतं का, हे विचारल्याशिवाय एक घोटही घ्यायचा नाही. हे तिचंच म्हणणं आहे. गोळी बशीत ठेवलीय. ती घ्या, उगाच नाक मुरडू नका.

आत वायू कोंडू नये म्हणून बरणीचं झाकण सैल करायचं, हे तुम्हाला सांगायला नकोच. लेकीने तुमच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिच्याशी बोलणं टाकलंत, पण तिची बरणी रोज फडक्याने पुसता. पहाटे अर्धवट झोपेत मला वाटलं, घरात कोणी पाहुणं आलंय. कान देऊन ऐकलं, तर तुम्ही बरणीला सांगत होतात, गुडघा दुखतो, जिना चढताना धाप लागते, घर फार शांत झालंय.

थोड्या वेळाने तिचा फोन येईल. फेस आला का, वास कसा येतो, हे तिला विचारायचंय. मला सर्दी झालीय, वास कळत नाही. तुम्हीच उचला. बरणीशी बोलता तसंच बोला. फरक एवढाच, की पलीकडून उत्तर येईल.