फायटर माशाचं दुखणं

बाबा, तुमचा फायटर मासा आईच्या उदबत्तीच्या धुरानं आजारी पडला नव्हता. त्याला मी आजारी पाडलं होतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, कमरेचा पट्टा काढायला आता तुम्ही नाही, हे नीट बघूनच मी लिहायला बसलोय. आज असतात तर म्हणाला असतात, "वा, बरा मुहूर्त सापडला." सापडला खरा. गेल्या आठवड्यात माझ्या घरातही एक मासा आजारी पडून मेला, आणि त्याचाही आळ आईवरच आला.

खडकीच्या क्वार्टरमधली बाहेरची खोली आठवा. मधे टीव्हीचं शोकेस, डाव्या हाताला आईचा देव्हारा, उजव्या हाताला तुमची काचेची बरणी. खरं तर ती बरणी लोणच्याची, आईनं यवतमाळहून माहेरून आणलेली. तुम्ही मासा घेऊन आलात आणि लोणचं प्लास्टिकच्या डब्यात गेलं. फॅक्टरीत तुम्ही तपासणीला होतात. एकेक नग गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. घरी आल्यावर तुमची ड्यूटी संपायची नाही. माझं प्रगतिपुस्तक हातात घेऊन तुम्ही "गणितात अठ्ठावन्न? रिजेक्ट" म्हणून ते जमिनीवर टाकायचात. पोळीवर काळा डाग दिसला तर ती ताटाबाहेर काढून ठेवायचात आणि आईकडे न बघता म्हणायचात, "आजचा लॉटच खराब आहे." सगळ्या घरात पास झालेला एकच जण होता आणि तो बरणीत राहत होता.

पाचचा भोंगा झाला की वीस मिनिटांत तुम्ही दारात. चहाच्या आधी मोरीतल्या खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढून तुम्ही बरणीला लावता. मासा कल्ले फुगवतो, पंख पसरतो, आरशातल्या माशावर धावून जातो. तुम्ही म्हणता, "शाब्बास पठ्ठ्या!" मी दाराच्या चौकटीला टेकून उभा असतो. तुमचा आवाज इतका मऊ होऊ शकतो हे मला त्या बरणीमुळे कळलं. बरोबर पाच मिनिटं झाली की तुम्ही आरसा काढता आणि मला सांगता, "जास्त वेळ ठेवायचा नसतो. दमतो तो. मग स्वतःचीच शेपूट फाडून घेतो." मला शिकवलेली तुमची एवढीच एक गोष्ट मी पहिल्या झटक्यात पाठ केली.

एकदा मामा आला होता. मी पाचवीत होतो आणि शेजारच्या चाळीतल्या मुलांकडून मार खाऊन रडत घरी आलो होतो. तुम्ही बरणीकडे बोट दाखवून मामाला म्हणालात, "हा बघा, दोन इंचाचा जीव. निदान आरशातल्या स्वतःला तरी भिडतो. आमचं कार्टं आरशाला बघूनही पळेल." मामा हसला, कारण तुमच्या घरी जेवायला बसला होता. आई वाढता वाढता म्हणाली, "काहून बोलता असं लेकराला?" तुम्ही म्हणालात, "तू भात वाढ."

दुसऱ्या दिवसापासून मी सुरुवात केली. शाळा सकाळची होती, साडेबाराला घरी यायचो. जेवणं आटोपून आई आतल्या खोलीत पडली की मी आरसा आणून बरणीला टेकवायचो आणि समोर बसायचो. मासा लढत राहायचा. तासाभरानंही त्याचे कल्ले मिटायचे नाहीत, दोन तासांनी तो तिरका व्हायचा, तरी समोर दुसरा दिसला की पुन्हा उठायचा. मला मजा वाटायची. दया आली होती असं इथे लिहिता आलं असतं, कोण तपासणार आहे, पण आली नव्हती. मी त्याला हळूच म्हणायचो, "शाब्बास पठ्ठ्या." भोंगा वाजला की आरसा परत खिळ्यावर.

दहा-बारा दिवसांत मासा फिका पडला. शेपटीची कड कुरतडल्यासारखी झाली, पंख अंगाला चिकटले, अन्न टाकलं तर वर येईना, बरणीच्या तळाशी कुशीवर पडून राहायचा. तुम्ही वही काढलीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन दिवस बघायचं, ही तुमची पद्धत. आधी पाणी: बादलीत दोन दिवस मुरवलेलं. मग चिमूटभर खडेमीठ. मग क्वार्टरच्या मागच्या देशी बदामाची गळलेली पानं, धुऊन, उकळून, चहाच्या रंगाचं पाणी. मग थंडी नको म्हणून बरणीशेजारी चाळीसचा बल्ब. आरशाचा व्यायामही तुम्ही बंद केलात, दोन दिवस बघितलंत आणि वहीत लिहिलंत, "आरसा: फरक नाही." ती वही मी चोरून वाचली होती. त्या दोन्ही दुपारी मी चार-चार तास आरसा लावला होता. तुमच्या पद्धतीत काहीच चूक नव्हती बाबा, फक्त तुम्ही घरातल्या सगळ्या गोष्टी तपासल्यात आणि मला गोष्टींतसुद्धा धरलं नाहीत.

मग राहिला देव्हारा. तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून समजावून सांगितलंत, आणि सांगितलंत ते शास्त्राला धरूनच होतं. "हा मासा नुसता पाण्यातून श्वास घेत नाही. वर येतो, हवा पितो. तू सकाळ-संध्याकाळ हातभर अंतरावर उदबत्ती लावतेस. धूर पाण्यावर बसतो, तोच हा पितो. तीन आठवडे तू त्याला विष पाजतेयस." आई म्हणाली, "अहो, मला काय माहीत?" तुम्ही म्हणालात, "तुला कधी काय माहीत असतं?" आणि देव्हारा स्वतः उचलून मागच्या गॅलरीत नेऊन ठेवलात. आई मागोमाग गेली. "अहो, तिथं झाडू असतो." तुमचं उत्तर आलं, "मग झाडू हलव."

तुम्ही निरीक्षणासाठी तीन दिवस रजा टाकलीत. तुम्ही घरात असताना आरसा काढायची माझी छाती नव्हती, आणि रजा संपल्यावरही भीती बसली ती बसलीच. आठवड्यात मासा वर येऊन खायला लागला. महिन्यात शेपूट भरली. तुम्ही वहीत लाल शाईनं लिहिलंत, "कारण: धूर. सिद्ध." शेजाऱ्यापाजाऱ्यांना, फॅक्टरीतल्या मित्रांना, आल्यागेल्याला तुम्ही ती गोष्ट सांगायचात, आई चहा देत असताना. पुढे दोन वर्षं जगला तो. आईनं उदबत्ती कायमची गॅलरीत नेली आणि मुक्या जिवाचं पाप लागलं म्हणून सोळा सोमवार अळणी केले. मी तिच्या ताटाशेजारी बसून मीठ घातलेली भाजी खात होतो.

पट्ट्याच्या भीतीनं गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. घरात पहिल्यांदाच माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी रिजेक्ट झालं होतं आणि मला गार वाटत होतं. त्या महिन्यात तुम्ही माझ्यावर एकदाही ओरडला नाहीत. तुमचा सगळा वेळ आईवरच जात होता.

आता आम्ही वाघोलीला राहतो. आई माझ्याकडेच असते, अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मार्चमध्ये तिच्या वाढदिवसाला मासा आणला, तुमच्यासारखाच, निळ्यावर लाल झाक. ही पिढी त्याला बेट्टा म्हणते. मासा घरात आला त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "माझे देव मी कपडे धुवायच्या गॅलरीत नेते बाप्पा. मागच्यासारखं नको." कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी "राहू दे गं आई, काही होत नाही" एवढं म्हणू शकलो असतो. मी स्टूल आणून दिलं आणि ती चढली तेव्हा धरून उभा राहिलो.

गेल्याच्या गेल्या रविवारी पाणी बदलायची पाळी माझी होती. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं आणि वॉचमन टाकीत सढळ हातानं ब्लीचिंग पावडर ओततो. त्यामुळे पाणी रात्रभर बादलीत ठेवायचं, औषधाचे थेंब टाकायचे, मग माशाला. थेंबांची बाटली संपली होती, बादली भरायला मी विसरलो होतो आणि टीव्हीवर मॅच सुरू होत होती. मी नळ सोडून माशाची काचेची टाकी थेट भरली. पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता. तो वास मला आला होता, बाबा. अर्ध्या तासात मासा वर येऊन धापा टाकायला लागला, कल्ले लालभडक. निदान करायला मला वही लागली नाही.

मग मी सगळं केलं. मॅच टाकून पेठेतल्या माशांच्या दुकानापर्यंत गाडी पिटाळली, थेंब आणले, बदामाची पानं आणली. खडकीत ढिगानं पडायची ती पानं आता पाकिटात येतात. शिळं पाणी शेजाऱ्यांकडून मागून आणलं. मुलगी मोबाइल घेऊन टाकीसमोर मांडी घालून बसली होती, मोठ्यानं वाचत होती. मग एकदम ओरडली, "बाबा, इथे लिहिलंय! बेट्टा एअर ब्रीद करतात, सरफेसवर येऊन! स्मोक डेंजरस असतो त्यांना! आजीची उदबत्ती!"

आई गॅलरीच्या दारात उभी होती, हातात फुलवातींचा डबा. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "हो गं माय. सकाळी वारा होता. दार माझ्याकडूनच उघडं राहिलं असन." मुलगी उठली आणि तिनं बोट रोखलं. "मग दार बंद नको का ठेवायला? तुला काही कळतच नाही का?" नऊ वर्षांचं पोर, तुम्हाला कधी बघितलेलंही नाही, पण आवाज तुमचा होता, तंतोतंत.

त्या वेळी माझ्या हातात ओला मग होता. मी सांगू शकत होतो. दोन वाक्यं, तीही छोटी. मी म्हणालो, "अगं, आजीनं मुद्दाम नाही केलं."

आईनं माझ्याकडे बघितलं ना, ते तुम्हाला सांगायला हवं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "तू तरी समजून घेतोस रे. तुझे बाबा असते तर घर डोक्यावर घेतलं असतं." मी तो हात पाठीवर राहू दिला.

मासा चार दिवस काढून मेला. पानांच्या तांबूस पाण्यात शेवटी नुसता तरंगायचा, मधेच एक कल्ला हलायचा. मुलगी आजीकडून वेणी घालून घेत नाही. आजीनं वाढलेलं ताट बाजूला सरकवते आणि आईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातूनच खाते. बायको म्हणते, लहान आहे, विसरेल. मी मान हलवतो. परवा आईनं सगळे देव एका धुतलेल्या पंच्यात बांधले, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, तुमच्या घरातून आलेले टाकसुद्धा, आणि म्हणाली, "एखाद्या देवळात देऊन ये. माझ्या हातून दोनदा झालं. आता मला दिवा लावायचा हक्क नाही." मी गाठोडं घेतलं. ते तेव्हापासून गाडीच्या डिकीत आहे.

तुम्हाला शिव्या घालायला बसलो होतो. पट्टा, बरणी, रिजेक्ट, सगळं तोंडावर मारायचं होतं. पण तुम्ही जे बोललात ते तुम्हाला खरं वाटत होतं. मला खरं काय ते दोन्ही वेळेला माहीत होतं. तुम्ही तिचे देव झाडूशेजारी ठेवलेत, मी घराबाहेर काढले आणि वर तिचे आशीर्वाद घेतले. आणि खरं सांगू का, तिनं मला चांगला म्हटलेलं मला सोडवत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो, पण तेवढं एक वाक्य परत द्यायची माझी तयारी नाही.

हे पत्र तुमच्यासाठी नाही, हे मलाही कळतं. ज्या बाईला द्यायला हवं ती भिंतीपलीकडे बसून शेंगा सोलतेय, आणि तिला उत्तम वाचता येतं. आत्ताच तिनं हाक मारली, "किती वेळ लिहीत बसलास रे, जेवायला ये." मी कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, आलोच, ऑफिसचं काम आहे.