चंपाला खोली, व्हॉल्व्हला कुलूप

मी, कोंडीराम बुधाजी गमरे, धर्म बौद्ध, धंदा बर्फाच्या कारखान्यातील फिटर, आता निवृत्त, राहणार बीडीडी चाळ, वरळी, मुंबई, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहून ठेवतो. माझी छाती निकामी झाली आहे, डोकं साफ आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. कोणाची जबरदस्ती मी कधी चालू दिली नाही, हे चाळीला ठाऊक आहे. मी सांगतो आहे आणि प्रभादेवीचे निवृत्त हेडक्लार्क कमलाकांत राजाध्यक्ष लिहीत आहेत. "गमरे, मजकूर कायदेशीर ठेवा," असं त्यांनी मला सुचवून पाहिलं. मी ऐकलेलं नाही.

कलम पहिले. खोली सरकारची, ती देणारा मी कोण? पण भाडेकरू म्हणून तिच्यावर माझा जो काही हक्क असेल तो, आणि आतली सगळी चीजवस्तू, माझी सून चंपा हिला मिळावी. चंपा ही माझा वारलेला थोरला मुलगा शिवा याची बायको. तिला या खोलीतून कोणीही बाहेर काढू नये. हे वाक्य माझा धाकटा मुलगा जयवंत याच्यासाठी आहे. तो रेल्वेत कारकून आहे, दादरला वेगळा राहतो, आणि चंपा घरात आहे तोवर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही म्हणतो. त्याच्या मते शिवा चंपामुळे गेला. चाळीत अर्ध्या तोंडांचं तेच म्हणणं आहे. म्हणून काय घडलं ते इथे लिहून घेतो, म्हणजे पुढे कोणी मीठमसाला लावणार नाही.

आमच्या कारखान्यात बर्फ करायला अमोनिया गॅस वापरतात. खाली इंजिनघरात तो दाबला की तापतो. मग गच्चीवरच्या नळ्यांतून फिरवून, वरून पाणी सोडून, त्याला गार करतात. या नळ्यांचे सांधे उन्हापाण्याने कुजतात, ते उघडून नीट करावे लागतात. उघडण्याआधी नळी रिकामी करायची आणि इंजिनघरातला गच्चीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. वर माणूस असताना तो कोणी उघडू नये म्हणून आमच्यात रीत होती. वर जाणाऱ्याने आपली टोपी त्या व्हॉल्व्हच्या चाकावर अडकवायची. टोपी दिसली की चाकाला हात लावायचा नाही. ज्याची टोपी त्यानेच खाली येऊन काढायची. ही रीत माझ्या आधीच्या फिटरांची. मी ती पाळली, तिथेच फिटर झालेल्या शिवाला शिकवली.

शिवा गेला त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. शिवा गच्चीवर सांध्याच्या कामाला होता, तिथूनच परस्पर सभेला जाणार होता. चंपा दुपारी डबा घेऊन गेली. एरवी बायकांना फाटकाच्या आत सोडत नाहीत. पण सभेच्या गडबडीत फाटकावर कोणी नव्हतं, म्हणून ती डबा ठेवायला इंजिनघरापर्यंत गेली. शिवाचा जोडीदार शामराव तेवढ्यात चहाला गेला होता. चंपाला चाकावर नवऱ्याची पांढरी टोपी दिसली, तेलाने काळी झालेली. टोपीची रीत तिला कोणी सांगितली नव्हती. एवढ्या मोठ्या सभेला माणूस अशी टोपी घालून जाणार? तिने ती उचलली आणि अंगणातल्या नळावर धुवायला नेली.

शामराव परत आला. चाक मोकळं दिसलं. शिवा काम आटपून सभेला गेला असं समजून त्याने व्हॉल्व्ह उघडला. वर सांधा उघडाच होता. गॅस शिवाच्या तोंडावर आला, तो मागे सरला. गच्चीला कठडा नव्हता. तो नळापासून हाकेच्या अंतरावर पडला, तेव्हा चंपाचे हात साबणाने भरलेले होते.

माझी बायको राधाबाई मरेपर्यंत चंपाच्या हातचं पाणी प्यायली नाही. "माझ्या पोराला तूच खाल्लंस," असं ती तिला जेवताना म्हणायची. तरी राधाबाईचं आजारपण चंपानेच काढलं, पाणी तेवढं मी पाजत असे. मी राधाबाईला समजावत राहिलो, पण आई ती आईच. आता ती नाही, आणि मी सांगतो ते शेवटचं धरावं: चंपाचा दोष नाही. नवऱ्याची टोपी स्वच्छ असावी असं वाटणं हा गुन्हा नाही.

कलम दुसरे. शामरावाला माझा नट आवळायचा मोठा पाना द्यावा. तो मला पाहून रस्ता ओलांडतो. त्याने ओलांडू नये. मोकळं चाक पाहून मीही तेच केलं असतं.

कलम तिसरे. कारखान्याचे मालक मनमोहनशेठ यांना काही देणं नाही आणि माफीही नाही. गच्चीला कंबरेइतका कठडा बांधा, व्हॉल्व्हला साखळी आणि कुलूप द्या, असं मी नोकरीत असताना त्यांना सांगितलं होतं. ते हसून म्हणाले, "कोंडीराम, तुम्हारी टोपी है ना? फुकट का काम चलता है." शिवा गेल्यावर त्यांनी घरी बर्फ पाठवला, मयताभोवती ठेवायला. मी परत पाठवला.

पोस्टातल्या माझ्या शिलकीतून आधी एक मजबूत कुलूप आणि साखळी घ्यावी व ती युनियनने त्या चाकाला लावावी. किल्ली एकच ठेवावी आणि ती वर जाणाऱ्याच्या खिशात असावी. वर एकट्याने जाऊ नये. वारा पाठीशी घेऊन उभं राहावं, ओलं फडकं जवळ ठेवावं. शेठने हरकत घेतली तर युनियनने काम बंद ठेवावं. उरलेली शिल्लक चंपाची. ती वयाने लहान आहे. तिला पुन्हा घर मांडावंसं वाटलं तर ही खोली आणि शिल्लक तिच्याकडेच राहील, आणि जयवंतने भाऊ म्हणून उभं राहावं.

जयवंतला माझं घड्याळ. ते चंपाच्या हातून घ्यावं, आणि तिने केलेला चहा पिऊन जावं. नाही प्यायला तरी घड्याळ त्याचंच आहे. पोरा, मला तुझ्यावर राग धरता येत नाही, माझ्याकडे एकच मुलगा उरला आहे. मे महिन्यात महाराष्ट्र झाला, चाळीत दिवे लागले, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

माझ्या मागे कोणतेही कर्मकांड नको. त्रिशरण आणि पंचशील म्हणावं.

इथवर लिहून झाल्यावर मी राजाध्यक्षांना सगळं चंपाला वाचून दाखवायला लावलं. खोलीचा विषय सोडून तिने विचारलं, "मामा, पडताना त्यांनी मला बघितलं असंल का? माझ्या हातात टोपी व्हती."

एवढे दिवस ही बाई हे पोटात घेऊन माझ्या घरात वावरत होती. म्हणून हे शेवटचं कलम वाढवतो, आणि ते साक्षीदारांसमोर शपथेवर लिहून देतो. मी आयुष्यभर या गॅसमध्ये काम केलं आहे. तो तोंडावर आला की सगळ्यात आधी डोळे मिटतात, आणि कितीही जोर केला तरी उघडत नाहीत. शिवाने काहीही पाहिलं नाही. चंपा त्याला दिसली नाही. शेवटी त्याला आपलं एखादं माणूस दिसलं असतं तर बरं झालं असतं, असं मला बाप म्हणून वाटतं. पण ते झालं नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. खाली सही करतो.

कोंडीराम बुधाजी गमरे

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. कमलाकांत विनायक राजाध्यक्ष, प्रभादेवी
२. सुभद्रा लक्ष्मण येलवे, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा

वरळी, मुंबई. १९ जून १९६०