आतले टाके

माय, तुझ्यावरचा राग साठ वर्षांचा झाला, म्हणून आज बसलेच लिहायला. राग त्या अकोल्याच्या पोरीवरून. तुझ्या चुलतभावाची लेक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मुंबईला तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं आणि तिथून ती थेट राजापेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत आली, कारण नात्यात नर्स तू एकटीच. तिच्याकडून श्वासाचे व्यायाम करवून घ्यायचे होते. नाही केले तर छातीत कफ साचतो, मग ऑपरेशन नीट होऊनही माणूस हातचं जातं, असं तू तिच्या बापाला समजावलंस. मी दारातच उभी होते.

अजून दिसतं मला. तू ड्यूटीवरून येतेस, पांढरं लुगडंही न बदलता तिच्याजवळ बसतेस, तिच्या बरगड्यांवर दोन्ही तळवे ठेवतेस. "माह्या हाताले ढकल, बाई. आनखी. हां, अस्सं." मग रबरी नळीनं जोडलेल्या दोन बाटल्या. एकीतलं पाणी फुंकून दुसरीत न्यायचं. पाणी सरकलं की तू हसतेस. मी वर्गात पहिली आले तेव्हा 'बरं झालं, आता ज्वारी निवड' एवढंच म्हणाली होतीस. आणि इथं नुसता श्वास घेतला तरी कौतुक!

खोकायलाही शिकवलंस तिला. जखमेवर उशी दाबून धरायची आणि दम लावून खोकायचं. तू दवाखान्यात गेलीस की उशी धरायचं काम माझं. एका दुपारी मी तिला म्हटलं, "खोकू नको. आतले टाके तुटतीन तुह्ये. मायनंच सांगितलं मले." घाबरली बिचारी. दोन दिवस खोकला गिळत राहिली, तू विचारलंस की दुखतं म्हणायची. तिसऱ्या दिवशी अंग तापलं, दम लागायला लागला. तू डॉक्टरांना घरी आणलंस, सुया दिल्यास, तिची पाठ थोपटून थोपटून कफ काढलास. चार दिवस रजा टाकलीस. ती मेली तर मीच मारली, या भीतीनं मी सारखी तिचा श्वास मोजत होते. आणि तेवढ्यातही मनात हेच, की माझ्या गोवराला कुठं टाकली होतीस रजा?

ती वाचली. मी शिक्षेची वाट पाहत राहिले. तू गेलीस तरी पाहत होते.

परवा अकोल्याला एका लग्नात ती भेटली. ठणठणीत, कडेवर नातू. तिला बाजूला नेलं आणि एकदाचं कबूल केलं. ती शांतपणे म्हणाली, "आत्याले तवाच सांगितलं होतं मी. आत्या म्हने, तिले बोलू नको. चूक माही हाय, मीच तिच्याकडं पाह्यलं न्हाई."

हे ऐकून माणसाचे डोळे भरून यावेत. माझा जळफळाट झाला. म्हणजे हेही तुम्हा दोघींतच राहिलं. माझ्याबद्दलचं जे बोलायचं तेही तू तिच्याशीच बोललीस.

कोणाला दाखवण्यासारखं हे पत्र नाही, फाडूनच टाकीन. खरं सांगू? तू मला चांगली बडवायला हवी होतीस, माय. तो मार तरी माझ्या एकटीचा असता.