भूल उतरेपर्यंत

सांगली,
दशलक्षण पर्व, उत्तम सत्य धर्माचा दिवस

प्रिय अण्णा,

सादर जयजिनेंद्र. पांजरपोळ आणि आमची प्रयोगशाळा यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे, आणि तरीही मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. पर्वाचे मौन तुम्ही धरले आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे शेवटी सांगते. आधी बातमी, कारण ती थांबणारी नाही. ज्या टाकीत आपल्या केशर घोडीच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या, ती टाकी काल निकामी झाली. पेशी अजून सुखरूप आहेत, पण उद्यापर्यंतच.

टाकी म्हणजे एक मोठा थर्मास असतो. दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी आणि आत द्रवरूप नायट्रोजन, इतका थंड की आपला बर्फ त्याच्यापुढे निखारा वाटावा. ती पोकळी शाबूत असेल तर बाहेरून हात लावल्यावर काहीच जाणवत नाही. काल टाकीच्या अंगाला घाम फुटलेला दिसला, आणि बघता बघता त्याचे पांढरे हिव झाले. याचा अर्थ एकच: पोकळीत हवा शिरली आहे आणि आतला नायट्रोजन उडून चालला आहे. नव्या नायट्रोजनची गाडी पुढच्या आठवड्याशिवाय येत नाही. मिरजेपासून सगळ्यांना विचारले, तेव्हा कडेगावच्या जनावरांच्या दवाखान्याने कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचा एक लहान डबा दिला. पांजरपोळातला तानाजी तो मोटारसायकलवर मांडीत धरून घेऊन आला. पेशी आता त्यात हलवल्या आहेत, पण त्यातला नायट्रोजन उद्यापर्यंतच पुरेल. डब्यावर गाईचे चित्र बघून त्याने मला गंभीरपणे विचारले, “ताई, केशर म्हातारी झाली की. आता ह्या वयात कांडी भरून शिंगरू करायचं म्हनता व्हय?” इतक्या धावपळीतही मला हसू आले. कांडीत फक्त तिच्याच गुडघ्याचा जीव आहे, असे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग बरं. न्हाईतर बारशाला आमालाच पळाय लागलं असतं.”

तुम्ही मला एकदा विचारले होते की पेशी वाढवल्या, तर लगेच तिच्या सांध्यात का सोडल्या नाहीत, गोठवायच्या कशाला? त्या वेळी मी घाईत अर्धे उत्तर दिले. पुरे आज देते. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत, ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिनी नसते. कातडी फाटली तर भरून येते, हाडही जुळते. कूर्चा झिजली की झिजली. औंधच्या रमजानचाचांकडे असताना केशर वरातींत नाचली, डांबरी रस्त्यावर, ताशाच्या ठेक्यावर, मागच्या पायांवर उभी राहून. तिच्या मागच्या डाव्या पायाच्या गुडघ्याच्या सांध्यात खळगा पडला तो तिथेच. त्याच सांध्याच्या निरोगी कडेवरून आपण मसुराच्या दाण्याएवढा तुकडा घेतला, त्यातल्या पेशी सुट्या केल्या आणि ताटलीत वाढवल्या. पण ताटलीत फार काळ ठेवले, तर या पेशी पसरतात, लांबट होतात आणि कूर्चा विणायचे आपले काम विसरून जातात. विसरण्याआधी त्यांना थांबवायचे, इतकाच गोठवण्याचा हेतू. थांबवायचे तेही हलक्या हाताने. अचानक थंड केले तर पेशीतल्या पाण्याच्या बर्फाच्या सुया होतात आणि तिला आतून फाडतात. म्हणून संरक्षक द्रव घालून, अगदी संथपणे गारवा वाढवत न्यायचा. पेशीतले पाणी सावकाश बाहेर पडते आणि ती जणू श्वास रोखून बसते. वितळवताना मात्र उलट, कोमट पाण्यात झटकन. आणि एकदा वितळवल्या की पुन्हा गोठवता येत नाहीत. त्या दिवशी त्या सांध्यात जायलाच हव्यात.

या कामात तुमची अट होती, दुसऱ्या कोणत्याही जिवाचे काही नको. जगभर पेशी वाढवतात त्या वासराच्या रक्तद्रवावर. आपण केशरच्याच रक्ताचा द्रव काढला आणि तिच्याच पेशींना तोच पाजला. माझे सहकारी हसले, कामाला दुप्पट वेळ लागला, पण पेशी इतक्या सतेज निघाल्या की आता तेच मला कृती विचारतात. मग गेल्या महिन्यात तुम्ही विचारलेत, “वितळवताना मरतात किती?” मी खरे तेच सांगितले, पाचांत साधारण एक. तुम्ही मान हलवलीत आणि उठून गेलात. पांजरपोळाच्या विश्वस्तांनी शस्त्रक्रियेचा निर्णय तुमच्यावर सोडला, तुम्ही तो पर्व संपेपर्यंत पुढे ढकललात. मला वाटले, हिंसेचा प्रश्न आहे. म्हणून मी मनात उत्तर तयार करू लागले. आपल्याकडे पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले सूक्ष्म जीव फेकत नाहीत. तळाला कडी असलेली, पाण्याला टेकल्यावर उलटी करता येणारी ती खास बादली पाण्यापर्यंत उतरवून, त्याच विहिरीत हलकेच सोडतात. आई ते कसे करायची, बादली पाण्याला टेकेपर्यंत श्वासही न घेता, ते तुम्हाला आठवत असेल. केशरच्या पेशी आज बादलीत आहेत, अण्णा. त्यांची विहीर ठाऊक आहे. वाटेत काही जातील, हे खरे. पण बादलीच काठावर ठेवून निघून गेलो, तर एकही उरणार नाही.

हे उत्तर मला फार आवडले होते. पण लिहिता लिहिता जाणवते आहे की तुमचा प्रश्न तो नव्हताच. साताऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तुकडा काढल्यावर केशरला शुद्धीवर आणण्याच्या खोलीत नेले, तो दिवस आठवा. भिंतींना गाद्या, मधोमध ती आडवी. शस्त्रक्रिया करणारी माझी मैत्रीण रुक्सार तुम्हाला म्हणाली, “काका, तुमी बाहेर बसा, घोडं उठताना बघवत न्हाई.” तुम्ही काचेपासून हलला नाहीत. केशर उठायला गेली आणि कोसळली. पुन्हा उठली, पुन्हा कोसळली. अखेर थरथरत उभी राहिली, तोवर तुमच्या कपाळाचा ठसा काचेवर उमटला होता. परतीच्या वाटेवर, कऱ्हाड मागे पडल्यावर, तुम्ही एकच वाक्य बोललात: “भूल उतरायला इतका वेळ लागतो?” आई गेल्यापासून ‘भूल’ हा शब्द तुमच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. तिलाही गुडघेच बदलून हवे होते, देवळात मांडी घालून बसता यावे एवढ्यासाठी. तुम्ही तिच्या हट्टाला हो म्हणालात. भूल दिली, आणि ती उतरलीच नाही. म्हणून तुम्ही पेशी किती मरतात ते विचारलेत, अण्णा; केशर मरेल का, हे विचारवले नाही. आणि मी संख्येचे उत्तर देऊन मोकळी झाले.

तेव्हा आज त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. घोड्याला भूल देणे माणसाहून अधिक जोखमीचे असते. ती उठेलच अशी हमी मी देत नाही, रुक्सारही देत नाही. पण आता तिचा मागचा उजवा पायही भार सोसून सुजला आहे. ती दिवसाही आडवी होऊ लागली आहे, आणि ज्या घोड्याला स्वतःहून उठता येत नाही, तो फार दिवस काढत नाही. ही भीती इकडे आहे आणि ती भीती तिकडे. त्यांतली कोणती घ्यायची, ते मी तुमच्या वतीने ठरवणार नाही.

हे पत्र लिहिण्याचे दुसरे कारण असे. उद्या उजाडताच मी डबा घेऊन साताऱ्याला पुढे जाणार आहे, त्यामुळे फाटकापाशी नसेन. तानाजी गाडी लावेल, पण तो म्हणतो, “माझ्या हातानं ती फळीवर पाय ठेवायची न्हाई, ताई. अण्णा नुसतं शेजारी हुबं राह्यलं, तर चढंल.” तुमचे मौन मोडायला नको. हो म्हणायचे असेल, तर तिला फक्त गाडीपर्यंत चालवत आणा. ती चढल्याचा तानाजीचा फोन आल्याशिवाय मी डब्याचे झाकण उघडणार नाही. फोन आला नाही, तर डबा तसाच परत आणीन, आणि का, हे तुम्हाला कधीही विचारणार नाही. मात्र तिला चढवलीत, तर तुम्हीही तिच्याबरोबर या. या वेळी ती उठताना कोसळू नये, म्हणून रुक्सार तिच्या डोक्याला आणि शेपटीला दोर बांधणार आहे. ते भिंतीतल्या कडीतून ओवून बाहेरच्या बाजूने दोन माणसे ताणून धरतात. शेपटीचा दोर तानाजी धरेल. डोक्याचा दोर मी तुमच्यासाठी मागून घेतला आहे. आईच्या वेळी तुम्हाला बंद दाराबाहेर बाकावर बसवून ठेवले होते. उद्या केशरची भूल उतरेपर्यंत दोर तुमच्या हातात असेल.

तुमचीच,
ब्राह्मी