पलंगाखालची रेघ

भाऊजी,
घराच्या मधोमध भिंत घालून वाटणी करायची, हे मला आज सकाळी तुमच्या गवंड्याकडून कळलं. भिंत होणार नाही. विटा येऊन पडल्याच होत्या, म्हणून त्याला गोठ्याची पडकी बाजू बांधायला लावलंय. काय आदळआपट करायची ती करा, मी कांदे काढायला शेतात चाललेय. जेवण झाकून ठेवलंय.

आईंना दुपारची गोळी तुम्हीच द्या. मधल्या खोलीत तुम्ही खडूने मारलेली रेघ मी मुद्दाम पुसलेली नाही. ती त्यांच्या पलंगाखालून जाते. त्यांची उशी कुणाच्या वाटणीला आणि पाय कुणाच्या, ते गोळी देताना त्यांनाच विचारा.

वहिनी