चाकं सिमेंटात जाण्याआधी

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (ही अक्षरं पुरती काय असतात ते शाळेत शिकवलं, त्या दिवशी मी बहुतेक भिंतीवरून उडी मारली होती. समजून घे.)

बाबांचं पत्र पोचलं. पाकीट त्यांनीच चिकटवलेलं, हे लगेच कळलं. डिंक कडेपर्यंत सारखा, कुठे थेंबही बाहेर नाही. आत तीन ओळी. हात थरथरतो, पुस्तकबांधणीच्या दुकानात येऊन बस, मुलगा असून नसल्यासारखा झालाय. तिसरी ओळ त्यांनी दोनदा गिरवलीय.

ताई, मी येणार नाही. रागावून लिहीत नाही, नुसतं सांगतो. एका जागी बसून दिवसभर कागदाच्या कडा जुळवायच्या, हे माझ्याच्याने होत नाही. लहानपणी मला जेवायला बसवायला तुला मागे पळावं लागायचं, आठवतंय ना? त्या मुलाला बाबा आता पुठ्ठ्यासमोर बसवणार आहेत.

आणि इथे मला एक काम मिळालंय. म्हणजे कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. हॉस्पिटलच्या हिरवळीवर मी पाणी मारतो, पालापाचोळा उचलतो, हे तुला माहीत आहे. मागच्या आठवड्यात मुकादमांनी पंपाची खोली रिकामी करायला लावली. मोडक्या खाटांच्या ढिगाखाली गवत कापायचं एक जुनं मशीन निघालं. मोटर नाही, वायर नाही, हाताने ढकलायचं. दोन्ही बाजूंना लोखंडी चाकं, मधे पीळ दिलेल्या पाच पात्यांचा पिंजरा आणि त्याच्या खाली एक आडवी पाती. चाकं फिरली की पिंजरा फिरतो आणि गवत वरच्या-खालच्या पात्यांत कात्रीत सापडावं तसं सापडतं. गंज असा चढलेला की मी आधी त्याला खाटेचाच पाय समजलो.

मुकादम म्हणाले, भंगारात टाक. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी मी खटपट करून बघतो. ते म्हणाले, मग पाणी तरी वेळेवर घाल म्हणजे झालं.

रविवारी सगळं खोललं. नट रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेत. तारेच्या ब्रशने घासताना वर करडा रंग, खाली निळा, त्याखाली कुणीतरी गुलाबीही फासलाय, देव त्याचं भलं करो. पण एका वॉशरच्या खाली झाकलेला, नखाएवढा, गडद हिरवा रंग निघाला. तो पहिला. तोच मी परत चढवणार.

बाबांना सांग, हे मशीन गवत कापेपर्यंत मी इथून हलत नाही. माया पातळ करू नकोस.

तुझा,
अर्ध्या

&nbsp;

ता. १५ फेब्रुवारी

चि. अर्ध्यास,

अ. आ. (मोठी आहे म्हणून देते. तू कमावलेले नाहीत.)

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. महिन्याभरात पहिल्यांदा हसले. मग बोटांवर मोजायला लागले. शाळा नववीच्या अर्ध्यात सोडली. वायरमनचं काम पंखा छताला टांगायच्या आधी सोडलं. ड्रायव्हिंग शिकला ते फक्त सरळ, वळायची वेळ आली तेव्हा साहेब पसार. पोहायला गेला तेही तळ्याच्या मध्यापर्यंत, तिथून काकांनी ओढून आणला. तुझं नाव अर्ध्या मी ठेवलं, पण ते टिकवलंस तू, असं म्हणाले.

मग त्यांनी पैज लावली. मार्च संपायच्या आत त्या मशीनने खरंखुरं गवत कापलं, तर ते तुला पुन्हा कधी बोलावणार नाहीत. नाही कापलं, तर एक एप्रिलला तू दुकानात. नुसता रंग लावून फोटो पाठवलेला चालायचा नाही, हे त्यांनी मला लिहायलाच लावलं. पंच मी.

इथपर्यंत बाबांसमोर लिहिलं. आता ते अंघोळीला गेलेत.

अर्ध्या, पंचाने कुणाची बाजू घेऊ नये, पण मी घेतलीय. अकरा वर्षं मी त्या दुकानात छापील कागदांचे फर्मे दुमडते, शिवते, पुस्तकाच्या पाठीला गोल आणते. गेल्या दोन वर्षांत बाहेर गेलेल्या जाड पुस्तकांपैकी एकही बाबांनी शिवलेलं नाही. सगळं मी, तेही उभ्याने, कारण बसायची जागा त्यांची. याला आपल्या घरात मदत म्हणतात. उद्या तू आलास तर तू मालक होशील आणि मी मदतच राहीन. मी बाबांना तसं विचारलं, तर म्हणाले, तुझं काय, तू आहेसच. म्हणजे मी कपाट.

तेव्हा तिथे बसून कविता करू नकोस. काप.

मायेला मी पाणी घालत नाही, तू मशीनला तेल घाल.

तुझी,
ताई

&nbsp;

ता. ९ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

पैज मंजूर. ताईचं पत्र आल्यापासून जास्तच मंजूर.

मशीन जोडलं. पहिल्या वेळी गाढवपणा झाला, तो मीच सांगतो, नाहीतर तुम्ही तो मोजायच्या यादीत घालाल. दोन्ही चाकांच्या आत एकेक लहान खटका असतो. चाक पुढे गेलं की तो पिंजऱ्याला फिरवतो, मागे आलं की सोडून देतो. मी दोन्ही खटके एकाच डब्यात टाकले होते, त्यामुळे डाव्याचा उजव्याला गेला. मशीन पुढे ढकललं तर गप्प, मागे ओढलं तर पिंजरा भणभण फिरतोय. मुकादम म्हणाले, मालकावर गेलंय. पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. तेव्हाच सोडून दिलं असतं, असं तुमच्या मनात आलं असेल. नाही सोडलं.

पात्यांना दगड लावला, आता सोबतच्या पट्ट्या बघा. धार बघायची असेल तर दोन पात्यांच्या मधे कागद धरून पिंजरा हाताने फिरवतात. माझ्याजवळ तुमचं पत्र होतं, तेच भरवलं. दुसरा कागद नव्हता असं नाही, मी शोधला नाही. येऊन बस, या दोन शब्दांच्या बरोबर मधून कापलंय. तुमच्याच अक्षरात तुम्हाला पुरावा.

रंग अजून बाकी आहे. खाली रेडऑक्साइडचा हात झाला, हिरवा तीन हात देणार.

तुमचा राग सोसेन, लोभ मात्र बंद करू नका.

तुमचा,
अर्ध्या

&nbsp;

ता. १७ मार्च

चि. अर्ध्यास,

अ. आ.

बापाचं पत्र लोखंडाला खाऊ घालणारा मुलगा आपल्या घराण्यात पहिलाच. तुझ्या आजोबांनी माझ्या पाठीत पट्टी मोडली असती.

तू पाठवलंस त्याला मी कापणं म्हणत नाही. उजवीकडची कड ठीक आहे. डावीकडे कागद कापलेला नाही, चावलाय. दोन बोटं रुंदीत तंतू उभे आहेत, म्हणजे त्या टोकाला तुझी वरची पाती खालच्या पातीला भेटतच नाही. दोन्ही टोकांना स्क्रू असतील. डावा पाव फेरा आवळ, जास्त नाही. जास्त आवळलास तर पाती पातीला खाईल.

दुसरं म्हणजे माझं पत्र जाड कागदावर होतं. जाड कागद बोथट सुरीनेही तुटतो. वर्तमानपत्राचा पातळ कागद घे, ओला करून. तो सरळ कापला गेला तर गवत कापेल. नाहीतर गवत नुसतं मुरगळेल आणि दोन दिवसांत टोकं पिवळी पडतील.

हे मदत म्हणून लिहिलेलं नाही. वाईट कड मला बघवत नाही, म्हणून लिहिलं. पैज कायम आहे. चावलेली बाजू माझ्याआधी तुझ्या बहिणीने पाहिली, तेही चष्म्याशिवाय.

पुढचं पत्र कापायचं असेल तर आधी पुरतं वाच.

तुझा,
बाबा

&nbsp;

ता. ३१ मार्च, दुपार

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पंचांनी नीट बसून वाचावं.

डावा स्क्रू पाव फेरा आवळला. ओला पेपर असा कापला गेला की मलाच माझी भीती वाटली. मग रंग. तीन हात हिरवा, प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपर, चाकाच्या कडेला पिवळी रेघ. ती रेघ ओढताना मी श्वास धरला होता. मशीन वाळत ठेवलं आणि तिथेच घोटाळा झाला, कारण ते फारच चांगलं दिसायला लागलं.

हॉस्पिटलचे मोठे साहेब फिरत फिरत आले, बघतच राहिले. त्यांना एवढं आवडलं की म्हणाले, नव्या इमारतीच्या दारात चौथरा बांधा, त्यावर हे बसवा, खाली पाटी लावा. चाकं सिमेंटात पक्की करा, कुणी चोरायला नको. गवंडी सोमवारी येणार असं ठरलं, म्हणजे आजच, एकतीसला.

मी मुकादमांना म्हटलं की एकदा फक्त चालवू द्या. ते म्हणाले की नवीन रंग आहे, खडा लागला तर पोपडा जाईल. आता हे मशीन नाही, हॉस्पिटलची शोभा आहे, जो हात लावेल तो कामावरून जाईल. वर पाठ थोपटली. पाटीवर माझाही उल्लेख करायचा विचार आहे म्हणे.

खोटं कशाला लिहू, रात्रभर पाटी मनात वाचली. एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. पण बाबांनी पैज नीट बांधून घातलीय, दिसायला नको, कापायला हवं. आणि तू उभी आहेस अकरा वर्षं.

सकाळी साडेसातला गवंडी सिमेंट कालवत होता. उन्हाला बसवलेले पेशंट चाकाच्या खुर्च्यांत ओळीने होते. मुकादम चहा घेत होते. मी मशीनचा दांडा धरला, चौथऱ्याच्या शेजारून वळवलं आणि हिरवळीवर घातलं.

पहिले चार हात काही होईना, चाकं नुसती घसरली. मग अंगाचा भार टाकून ढकललं आणि पिंजऱ्याने सूर धरला. तो आवाज तुला लिहून कसा सांगू, शंभर न्हावी एकदम कात्री चालवताहेत असं समज. मागे वळून बघितलं तर हातभर रुंदीचा पट्टा, वहीची कड असावी तसा. एका पेशंटच्या पायाला प्लास्टर होतं, ते म्हणाले, बाळा, जरा इकडूनही घे.

मुकादम पेला हातात घेऊन धावत आले, माझ्या नावाने ओरडत. मी थांबलो नाही. कोपऱ्यापर्यंत गेलो, वळलो आणि दुसरा पट्टा घेऊन परत आलो. वळताना खडा लागला, पुढचा हिरवा रंग बोटभर उडाला. उडू दे. मग मशीन पुसून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, आता बसवा.

नोकरी गेली. मुकादमांनी ओरडून सांगितलं, मग जवळ येऊन हळू विचारलं की ते डाव्या बाजूला आधी चावत होतं ना, आता नाही. बरे आहेत ते. पण शब्द मागे घेत नाहीत, आणि मीही घेतला नसता.

घरी येत नाही. गवंड्याचं सिमेंट कालवायचं मशीन मधेच अडतं, सगळं बघून त्याने मला विचारलं की तेवढं बघशील का. उद्यापासून त्याच्याकडे.

पाकिटात मूठभर गवत आहे. टोकं बाबांना दाखव.

निकाल लाव आणि मग लोभ मोजून पाठव.

तुझा,
अर्ध्या

&nbsp;

ता. ११ एप्रिल

चि. अर्ध्यास,

अ. आ. (या वेळचे कमावलेले.)

गवत पोचलं तोवर वाळलं होतं. बाबांनी ते काळ्या पुठ्ठ्यावर पसरलं, भिंग घेतलं आणि काडी काडी बघितली. एका काडीचं टोक फाटकं निघालं. त्यावर त्यांनी बरंच राजकारण केलं. मी म्हटलं की पंचाचा निकाल झाला, फाटकी काडी पाकिटात फाटली. ते उठून गेले. तुझी नोकरी गेल्याचंही त्यांनी वाचलंय.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आलेच नाहीत. सर्दी झाली म्हणाले. सर्दी नव्हती. मी कुलूप काढलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या स्टुलावर बसले. बसले कसली, टांगली गेले. ते उंच, स्टूल त्यांच्या मापाचं, माझे पाय लोंबकळायला लागले. शिवताना पाय टेकलेले नसतील तर दोरा ओढायला जोर येत नाही.

म्हणून मी ते स्टूल उचललं, समोरच्या सुताराकडे नेलं आणि चारही पाय चार-चार बोटं कापून घेतले. तो दोनदा विचारत होता, बाबांना माहीत आहे ना. मी म्हटलं, आता कळेल.

तिसऱ्या दिवशी बाबा आले आणि सवयीने त्यावरच बसले. गुडघे हनुवटीशी आले. माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आता छप्पर उडतंय. ते उठले, स्टूल उलटं केलं, एका पायावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले की सुताराने हा पाय केसभर लांब ठेवलाय, डुगडुगेल. मी म्हटलं, मग तुम्ही घासून द्या.

आत्ता ते खाली जमिनीवर बसून घासताहेत. मी टेबलाशी उभी राहून हे लिहितेय, त्यांचं झालं की बसेन.

तुझ्याशी भांडायला मला अजून बरीच वर्षं हवीत, तेवढा जपून राहा. पुढचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नावाने.

तुझी,
ताई