फोनवरचे साहेब

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज वहिनींना घेऊन दवाखान्यात मी गेलो. दादाने परस्पर ठरवून टाकलं — "तुला इकडची भाषा येते, तूच जा." मला येते ती लॉन्ड्रीतली भाषा. डागांसाठी मला सात-आठ शब्द माहीत आहेत, गर्भाशयासाठी एकही नाही. पण घरात बाकीच्यांची मजल 'नमस्कार' आणि 'केवढ्याला' एवढ्यावरच थांबते. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी पंडित. नववीत शाळा सुटलेला पंडित!

वहिनींना सातवा महिना. इकडे येऊन त्यांना अजून वर्षही झालेलं नाही. प्रसूती विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. (प्रसूती — सू दीर्घ, ती दीर्घ. दोन्ही दीर्घ. वेळ लागणारच.)

तिथे दुभाष्याची सोय आहे. सोय म्हणजे भिंतीवर चिकटवलेला एक नंबर. सिस्टरने लावला. बासरी वाजली. मग एका बाईने सांगितलं की आमचा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग पुन्हा बासरी. सिस्टर बराच वेळ बासरी ऐकत माझ्याकडे बघत राहिली. शेवटी फोन ठेवून म्हणाली, "तू आहेस ना?"

आहे. दुर्दैवाने.

"हे पहिलंच का?" सिस्टरने विचारलं. मी वहिनींना विचारलंसुद्धा नाही. "हो, पहिलंच," सांगून टाकलं. घरातली गोष्ट मला माहीत नसेल तर कोणाला?

मग सिस्टरने एक लांबलचक प्रश्न विचारला. हातवारे केले. मला सगळं कळलं, हीच तर अडचण. धाकट्या दिराने वहिनीला असलं काही विचारायचं? कान तापले. मी भिंतीकडे बघून म्हणालो, "वहिनी, बाकी सगळं बरं ना?"

"बरं आहे, भाऊजी."

"बरं आहे," मी सिस्टरला सांगितलं.

ती म्हणाली, "मी एवढं बोलले आणि तू एवढंसंच विचारलंस?"

"आमची भाषा आटोपशीर आहे," मी म्हणालो.

१८ फेब्रुवारी

पुन्हा दवाखाना. पुन्हा बासरी. पुन्हा 'बरं आहे'. भाषांतराचं हे काम मला चांगलंच जमायला लागलं आहे. सिस्टरने काहीही विचारलं तरी माझा प्रश्न तोच आणि वहिनींचं उत्तर तेच. मधला माणूस काढून टाकला तरी चालेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरचे सगळे कपडे मी लॉन्ड्रीत नेऊन धुतो. वहिनींचे सोडून. ते त्या घरी धुतात — ठीक आहे, रीतच आहे. पण आज गॅलरीत चादर वाळत होती. चादरी तर माझ्याकडे असतात.

जवळ जाऊन बघितलं. मधोमध फिकट तपकिरी डाग, कडेला जरा गडद. रक्ताचा. गरम पाण्यात धुतलेला. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो, हे लॉन्ड्रीत पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणजे मला शंकेला जागा नव्हती. लॉन्ड्रीतल्या कोणालाच नसती.

एवढं ज्ञान झाल्यावर मी काय केलं? स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणालो, "वहिनी, असली चादर गार पाण्यात भिजवायची असते."

त्यांनी वर न बघता मान हलवली.

शाबास. सत्कारच करायला हवा माझा!

२४ फेब्रुवारी

कामावर लक्ष नाही. एक शर्ट जाळला. मुकादम म्हणाला, "इस्त्री करतोस की वाफेशी गप्पा मारतोस?"

दादाला सांगावं म्हणून फोन केला. तो क्रेनवर असतो, शनिवार-रविवार सोडून लांबच्या कामावर. म्हणालो, "वहिनींची तब्येत..." तो म्हणाला, "काय झालं?" म्हणालो, "काही नाही, बरी आहे."

आता मी स्वतःचंही भाषांतर करायला लागलो.

२५ फेब्रुवारी

दवाखान्यात आज बोलावलेलं नव्हतं. मी एकटाच गेलो. सिस्टर डबा खात होती. मी उभ्या-उभ्या चादरीचं सांगितलं. डाग, रंग, आकार, कडा. लॉन्ड्रीची भाषा आयुष्यात पहिल्यांदा कामाला आली. तिने डबा बंद केला.

"मग त्या दिवशी ती 'बरं आहे' असं का म्हणाली?"

"मी विचारलंच नव्हतं. मी दीर आहे."

"म्हणजे भाऊच ना?"

"नवऱ्याचा. धाकटा."

"मग?"

आता हिला 'मग'चं काय सांगू! म्हणालो, त्या दुसऱ्या कोणालाही सांगतील, पण मला सांगणार नाहीत, आणि मी दुसऱ्या कोणालाही विचारीन, पण त्यांना नाही. ती म्हणाली, "उद्याच आण तिला. दुभाष्याचा फोन लागेपर्यंत आपण बसून राहू."

त्या फोनची बासरी कानांत वाजली. आणि कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "मी बाहेर जिन्यात थांबलो आणि तिथून तुम्हाला फोन केला तर? त्यांना सांगायचं, दुभाषा मिळाला."

सिस्टर म्हणाली, "हे नियमात बसत नाही." मग जरा थांबून, "पण नियमांनीही आजवर फोन उचललेला नाही."

२६ फेब्रुवारी, बुधवार

जिन्यात उभा राहिलो. फोनवर रुमाल धरला, आवाज खाली ओढला. सिस्टरने फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, ताई," मी म्हणालो. वहिनींना ताई! "मी दुभाषा बोलतो आहे. इथलं कुठेही जाणार नाही. सिस्टर विचारतात, अंगावरून रक्त जातं का?"

सगळं विचारलं. एकही शब्द गाळला नाही. आणि वहिनी बोलायला लागल्या! दोन महिन्यांत माझ्याशी बोलल्या नसतील एवढं बोलल्या. दोनदा गेलं. पोटात दुखलं नाही. भीती वाटते. कोणाला सांगू?

"हे पहिलं का?" सिस्टरने पुन्हा विचारलं. मला वाटलं, हे कशाला, हे तर मी...

"नाही, साहेब. दुसरं."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

गावी असताना झालं होतं. मुलगा. कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, थांब, होईल घरीच. दादा इकडे होता. फोनवर म्हणाला, आई म्हणते तसं कर. दवाखान्यात नेईपर्यंत बाळ राहिलं नाही. नंतर रक्त थांबेना, त्याही जेमतेम वाचल्या.

आम्हाला इकडे कळलं होतं, वहिनींना कावीळ झाली. म्हणजे मला कळलं होतं. आईने फोनवर सांगितलं होतं आणि मी पथ्यसुद्धा सुचवलं होतं.

"साहेब, एक करा. माझ्या दिराला हे कळू देऊ नका. त्यांचा आईवर फार जीव आहे."

मी इकडच्या भाषेत सांगितलं, बाई म्हणते, तिच्या दिराला कळू देऊ नका. सिस्टर म्हणाली, "सांग तिला, नाही कळणार."

"ताई, नाही कळणार," मी म्हणालो.

मग त्यांनी विचारलं, "या वेळीही घरच्यांनी थांब म्हटलं तर मी एकटी कशी येऊ? मला रस्ता विचारता येत नाही."

सिस्टरने विचारलं, घरात तुझ्या बाजूचं एक तरी माणूस आहे ना?

मी तो प्रश्न जसाच्या तसा आपल्या भाषेत सांगितला. मग म्हणाल्या, "आहे की नाही, अजून माहीत नाही."

२७ फेब्रुवारी

तपासणी झाली. बाळाची वार खाली, वाटेतच आहे. थोडं जरी रक्त गेलं किंवा कळ आली तर ताबडतोब यायचं, वाट बघायची नाही. हे मला दीर म्हणून अधिकृतपणे सांगण्यात आलं. मी चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. सिस्टरने माझ्याकडे बघणं टाळलं.

१ मार्च, शनिवार

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर लोक सगळ्यांनाच घाबरवतात. आई म्हणते, पहिले दोन-तीन तास काही होत नसतं." मी म्हणालो, आईला कधी विचारलंस? "आत्ताच फोन केला होता."

आमच्या घरात फोनवरून बाळंतपणं करायची परंपरा आहे. आई तिकडून करते, मी जिन्यातून.

दादाकडे बघत होतो. त्यालाही सगळं माहीत आहे. बाळाचं नाव निघालं की उठून नळ दुरुस्त करायला जातो. नळ केव्हाच दुरुस्त झालेला आहे.

११ मार्च

फोनवरचे साहेब आता दर खेपेला असतात. वहिनी घरी येऊन मला सांगतात, "साहेब फार चांगले आहेत, भाऊजी. सावकाश बोलतात." मी म्हणतो, "असं का?" गेल्या खेपेला म्हणाल्या, "तुम्हीही जरा त्यांच्यासारखं बोलायला शिका."

बघू म्हणालो. माझाच मला हेवा वाटायला लागला आहे.

१९ मार्च

काही नाही. धोबीघाट आणि भीती.

५ एप्रिल, शनिवार

दुपारचं जेवण झालं. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या, त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली. दादाने बघितलं आणि सरळ आईला फोन लावला. स्पीकरवर. आई म्हणाली, "चहा दे तिला. जरा फिरू दे. एवढ्यात पळापळ कशाला? तुझ्या वेळी मी सगळ्यांचा स्वयंपाक आटोपून मग आडवी झाले होते."

दादा म्हणाला, "ऐकलंस ना? चहा कर रे."

आयुष्यभर मी केला आहे चहा. आई म्हणाली की करतो, दादा म्हणाला की करतो. आजही पातेल्याकडे हात गेला होता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"टॅक्सी बोलावतो," मी म्हणालो.

"तुला कोणी विचारलं?" दादा म्हणाला.

"काय म्हणतोय तो?" तिकडून आई.

मी दादाच्या हातातून फोन घेतला. "आई, मागच्या वेळीही तू थांब म्हणाली होतीस." आणि बंद केला.

दादा भिंतीसारखा पांढरा पडला. "तुला कोणी सांगितलं?"

सांगता येत नव्हतं. ताईंना शब्द दिला होता. तोंडाला येईल ते बोललो, "उशिरा आणलं तर दंड करतात. नवऱ्याला. सिस्टरने बजावून सांगितलं आहे."

दादा दुनियेत कशालाच भीत नाही, एक दंड सोडून. त्याने पिशवी उचलली, वहिनींना धरलं आणि माझ्याआधी जिना उतरला. टॅक्सीत मधेच हळू म्हणाला, "दंडाचं खरं का?" मी म्हणालो, "नाही." तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि त्याने वहिनींचा हात सोडला नाही.

टॅक्सीतच रक्त सुरू झालं. दारातून त्यांना थेट आत नेलं.

६ एप्रिल

मुलगी. वहिनी ठीक. रक्त खूप गेलं, पण या वेळी देणारे हजर होते. सिस्टर म्हणाली, आणखी थोडा वेळ घरी राहिला असतात तर... पुढचं बोलली नाही. दादाने विचारलं, काय म्हणाली? "अभिनंदन म्हणाली," मी सांगितलं.

दादाने आईला फोन केला नाही. मला म्हणाला, "तू कर. मला जमणार नाही."

९ एप्रिल, बुधवार

वॉर्डात गेलो. बाळ झोपलेलं. दादा औषधं आणायला गेला होता. वहिनींनी शेजारच्या खाटेकडे डोळ्यांनी खुणावलं. आपल्याकडचीच बाई, सोबत दीर, दोघंही भिंतीकडे बघत बसलेले.

"दोन दिवस नुसती मान हलवते आहे," वहिनी हळूच म्हणाल्या. "सिस्टरशी मी हाताने बोलून ठेवलं आहे. तुम्ही जिन्यात जा, भाऊजी, आणि तिथून फोन लावा."

मी कसाबसा म्हणालो, "तुम्हाला... केव्हापासून?"

"पहिल्याच दिवशी. 'नमस्कार, ताई' म्हणालात तेव्हाच."

"मग ते... दिराला कळू देऊ नका म्हणालात, ते?"

"कळलं नाही का दिराला?" वहिनी म्हणाल्या. "जा आता. ती वाट बघते आहे."